कड्यावरचा पाट

दाना गाव मागे टाकून रस्ता उत्तरेकडे चढू लागतो, तिथे आमची साइट आहे. कालीगण्डकी नदीच्या पूर्वेचा कडा फोडून रस्ता रुंद करायचं काम. कड्याचे फोटो दर पंधरवड्याला काठमांडूला जात. कुठे नवी भेग पडली, कुठून पाणी पाझरतंय, हे तिथले तज्ज्ञ त्यावरून ठरवत आणि मगच कड्याखाली माणसं लावायची परवानगी येई.

अडचण अशी की कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळभर तो सावलीत असतो, भिजलेल्या घोंगड्यासारखा, एकरंगी. दुपारनंतर तिरपं ऊन पडलं की भेगांच्या सावल्या पडतात आणि सगळं दिसू लागतं. पण दुपारी खोऱ्यात वारा सुटतो, रोज सुटतो. त्याच्या आत जेवणखाण, ये-जा, भांडणं, सगळं उरकून घ्यायची आमच्याकडे सवय आहे.

त्या वाऱ्यातही फोटो घेता येईल अशी एकच जागा होती. कड्यातून खडकाची एक धार पुढे आली आहे. तिच्या आडोशाला, बरंच उंच, माणूस मांडी घालून बसेल एवढा सपाट दगड आहे. सगळे त्याला पाट म्हणत. कमरेला दोर बांधून हेमलाल पुन तिथे जायचा आणि फोटो घेऊन यायचा. तिहार, म्हणजे इकडची दिवाळी, सरल्यावर, मंसिर महिन्यात, तो तिथून खाली गेला. दोर धारेवर कापला गेला होता. वर पाठवलेल्या अहवालात लिहिलं गेलं की निष्काळजीपणामुळे पाय घसरला. साइटवर लोक म्हणाले, प्यायला असेल सकाळी रक्सी.

मेलेल्याच्या जागी त्याच्या घरातला माणूस कामावर घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्याप्रमाणे धाकटा भाऊ नंदराम, सगळ्यांचा नंदे, याला घेतलं. रीत चांगलीच आहे. जागाही तीच असते, हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

नंदराम पाटावर जाऊ नये यासाठी इंजिनिअर उजेली गौचन हिने हिवाळाभर भांडण मांडलं. ती वरच्या तुकुचे गावची, बोलायला कमी. फोटो थांबले म्हणून कड्याखालचं काम थांबलं होतं, मजूर पत्ते खेळत होते आणि काठमांडूहून रोज फोन येत होता. शेवटी साइटचे प्रमुख घिमिरे सर ड्रोन घ्यायला तयार झाले.

"पण पहिलंच यंत्र आहे," ते म्हणाले. "नीट बघून घे. चुकलं तर दुसरं मिळणार नाही."

"बघूनच घेणार आहे सर."

"तुमच्या तुकुचेचे लोक पूर्वी मीठ तोलायचे ना, तशी तू ड्रोन तोलत बसलीस. आज महिना झाला."

"मिठात वारा मोजावा लागत नव्हता," उजेली म्हणाली.

पोखऱ्याचा विक्रेता सुदीप बराल फागुनात दोन यंत्रं घेऊन आला. त्याला दुपारी यायला सांगितलं होतं. तो पहाटे निघून सकाळीच पोहोचला आणि आल्या आल्या त्याने लहान ड्रोन उडवून दाखवलं. हवा स्थिर होती. ड्रोन वर गेलं, थांबलं, खाली आलं आणि त्याच्या तळहातावर अलगद बसलं. पत्ते टाकून आलेल्या मजुरांनी टाळ्या वाजवल्या.

"हलकं आहे मॅडम. परवान्याची कटकट नाही. लहान मूल चालवेल," बराल म्हणाला.

"लहान मूल नाही, मी चालवणार," नंदराम म्हणाला. "हा काय पोरखेळ आहे?"

"तुम्ही तर दोन दिवसांत शिकाल दाइ," थोरल्या भावाला म्हणावं तसं बराल म्हणाला.

नंदरामने रिमोट हातात घेतला आणि जेवणाची हाक येईपर्यंत खाली ठेवला नाही. बोटं हलकी होती त्याची. हेमलालसारखीच, कुणीतरी म्हणालं.

जेवण दिलसरीच्या भट्टीत असतं. भट्टी म्हणजे रस्त्याकडेचं पत्र्याचं खानावळघर. दिलसरी ही हेमलालची बायको. तिने नाचणीच्या पिठाचा ढिंडो वाढला, वर गुंद्रुकचा, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचा, रस्सा ओतला आणि बरालला विचारलं, "मशीन घ्यायचं ठरलं की मग आमच्या नंदेचं काय?"

"लहान घेतलं तर तेच चालवतील दिदी. मोठं घेतलं तर आमचा माणूस पोखऱ्याहून येतो. त्याला परवाना लागतो."

"मग लहान घ्या," दिलसरी सरळ म्हणाली. मग धाकट्या बहिणीला हाक मारावी तशी उजेलीला, "बहिनी, ऐकलंस ना?"

"दुपारी वाऱ्यात बघू," उजेली म्हणाली.

"वाऱ्याला काय बघायचं? तो तर रोजचाच आहे."

"मॅडम," नंदरामने घास गिळत विचारलं, "मोठं घेतलं तर मी काय करायचं? त्याला चहा पाजायचा?"

लोक हसले. उजेली हसली नाही. तिने ताट पुढे केलं, अजून रस्सा घेतला आणि खाली बघून जेवत राहिली.

वारा नेहमीसारखा आला. आधी नदीपात्रातली वाळू उठली, मग पत्रे वाजू लागले. बरालने टोपी खिशात घातली. लहान ड्रोन आवारातून वर उठलं तेव्हाच एका बाजूला कललं. कड्याच्या अर्ध्या उंचीला गेलं आणि उत्तरेकडे वाहू लागलं. बराल रिमोटवर वाकला होता, मानेच्या शिरा ताणलेल्या. ते कसंबसं परत येऊन काटेरी झुडपात पडलं. एक पातं मोडलं.

मोठं ड्रोन मात्र वाऱ्यात खिळा ठोकल्यासारखं उभं राहिलं. कानठळ्या बसवत कड्यावरून सावकाश फिरलं आणि त्याने पाठवलेले फोटो स्वच्छ होते.

"हे," उजेली म्हणाली.

घिमिरे सरांनी तिला बाजूला घेतलं. "किंमत बघितलीस? वर दर पंधरवड्याला पोखऱ्याहून माणूस. त्याची खोली, त्याचा भत्ता, त्याचे नखरे. आणि नंदराम? हेमलालच्या तेराव्याला मी दिलसरीला शब्द दिलाय."

"दुसरं काम द्या त्याला."

"कुठलं देऊ? कड्याखाली दगड उचलायचं? त्यापेक्षा लहान घेऊ. वारा कमी असेल त्या दिवशी उडवायचं."

"वारा कधी कमी असतो सर?"

घिमिरे सर उत्तर देणार होते, पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काठमांडूचाच होता.

या बोलाचालीत नंदराम तिथे नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बराल मोठं ड्रोन पेटीत ठेवायला गेला तेव्हा त्याला कळलं की लहानही नाही, त्याचं सुटं पातंही नाही. "अहो, माझं यंत्र," तो म्हणाला. एका मजुराने वर बोट दाखवलं. धारेच्या वळणावर नंदरामचं लाल जाकीट दिसलं आणि दिसेनासं झालं.

उजेलीने वॉकी-टॉकी उचलला. "नंदे, माघारी फिर."

वाऱ्याचा आवाज आला, मग नंदराम. "आलोच मॅडम. इथे वारा लागतच नाही. इथून बघा कसं उडतं."

"दोर बांधलास का?"

"बांधलाय. दाइने ठोकलेली कडी आहे इथे."

पुढे त्याने वॉकी-टॉकी बंद केला. आम्ही सगळे माना वर करून उभे होतो. खालून पाट दिसत नाही. धारेचं पोट मध्ये येतं. फक्त खडक आणि त्यावरचं पिवळं ऊन दिसत होतं. दिलसरी भट्टीच्या दारात येऊन थांबली होती. हातातलं फडकं ती पिळत होती, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी.

उन्हं उतरायला लागली तेव्हा नंदराम खाली आला. गाल वाऱ्याने तडकले होते, डोळे चमकत होते. त्याने ड्रोन बरालच्या हातात दिलं, देवाला फूल द्यावं तसं दोन्ही हातांनी. "एक ओरखडा नाही. बघून घ्या."

फोटो उत्तम होते. मोठ्या ड्रोनपेक्षाही जवळून घेतलेले. प्रत्येक भेग, प्रत्येक ओलसर पट्टा दिसत होता. घिमिरे सर रिमोटची स्क्रीन बघता बघता खुलले.

"ठरलं मग," ते म्हणाले. "लहानच घेऊ. आवारातून उडवायचं नाही, पाटावरून उडवायचं. पैसे वाचले, नंदेची नोकरी राहिली. काय गं उजेली?"

"सर, पाटावर कुणी जाऊ नये म्हणून ड्रोन घ्यायचं होतं."

"जाऊन आला ना तो? उभा आहे तुझ्यापुढे."

उजेलीने रिमोट घेतला आणि फोटो एकेक करून पुढे सारत गेली. शेवटचा फोटो कड्याचा नव्हता. नंदरामने ड्रोन वळवून स्वतःचा काढला होता. पाटावर मांडी घातलेली, रिमोट मांडीत, एक हात वर केलेला.

"तो भाउजूसाठी आहे," तो लाजून म्हणाला. भाउजू म्हणजे वहिनी, दिलसरी.

आजवर सगळे फोटो पाटावरून काढले गेले होते. पाटाचा एकही नव्हता. उजेलीने फोटो मोठा केला. नंदरामच्या खाली हातभर जाडीचा दगड होता आणि त्याखाली काहीच नव्हतं. पाट कड्यातून नुसता बाहेर आला होता, आणि तो जिथे कड्याला चिकटला होता तिथे एक भेग होती, शिवण उसवावी तशी. उजव्या बाजूचा कोपरा तुटलेला होता. बाकी दगड काळा पडलेला, तो कोपरा पांढुरका, ताजा. हेमलालचा पाय घसरला नव्हता. पायाखालची जागाच गेली होती.

तिने रिमोट नंदरामपुढे धरला. "खाली बघ. तुझ्या खाली."

तो बराच वेळ बघत राहिला. चेहऱ्यावरची चमक गेली.

"दाइ दोन वर्षं बसला तिथे," तो शेवटी म्हणाला.

"आणि पडला."

"मी हलका आहे त्याच्यापेक्षा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, हा फोटो कुणाला दाखवायलाच हवा का? माझाच आहे. मी काढलाय. पुसा ना."

नंदराम तिच्याकडे बघत होता. माणूस दुकानदाराकडे उधारीसाठी बघतो तसं नाही. आपलीच वस्तू परत मागावी तसं. तिने रिमोट त्याला दिला नाही. ती घिमिरे सरांकडे चालत गेली.

सरांनी फोटो बघितला, चष्मा काढला, पुन्हा बघितला. "हा पुसता येत नाही का?" त्यांनीही तेच विचारलं.

"नाही सर. आजच काठमांडूला जाईल. हेमलालच्या अहवालासोबत."

"मग घे मोठं," ते म्हणाले.

अंधार पडायच्या आत उजेलीने तो फोटो फोनवर घेतला आणि दिलसरीला नेऊन दाखवला. दिलसरीने हात पुसले, फोन जवळ घेतला. पांढुरक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे?"

"हो दिदी."

"म्हणजे ते प्यायलेले नव्हते."

"नाही."

"ते मला माहीत होतं. मीच त्यांना भात वाढून पाठवलं होतं." तिने फोन परत केला. "आणि नंदे?"

उजेलीने सांगितलं की सर कड्याखाली काम देतायत, पगार कमी आहे, पण पुढे बघू. दिलसरीने चुलीत लाकूड सारलं. "तू चांगलं केलंस बहिनी," ती म्हणाली, आणि ते कौतुक नव्हतं.

नंदरामने कड्याखालचं काम घेतलं नाही. खालच्या बेनी शहरातल्या दलालाकडे पासपोर्ट दिला आणि चैत संपायच्या आत तो मलेशियाला गेला. तिकडे टायरच्या कारखान्यात आहे म्हणतात. सुरुवातीला पैसे येत होते, मग कमी झाले.

मोठं ड्रोन आलं. पोखऱ्याचा माणूस येतो, दुपारी उडवतो, संध्याकाळच्या गाडीने जातो. कड्याखालचं काम सुरू आहे. हेमलालचा अहवाल बदलला का, ते आम्हाला कळलेलं नाही. दर पंधरवड्याच्या फोटोंत एका कडेला पाटही येतो. उजेली आधी तिथे बघते. भेग थोडी वाढली आहे. दोन पावसाळे त्यावरून गेले.

ती अजूनही दिलसरीच्याच भट्टीत जेवते. दिलसरी वाढते, रस्सा लागला का विचारते, त्यापलीकडे बोलत नाही. परवा ताट उचलायला आली तेव्हा मात्र थांबली.

"तो पाट पडला का गं?"

"नाही अजून," उजेली म्हणाली.

दिलसरी ताट हातात धरून उभी राहिली, आणखी काही ऐकायचं असल्यासारखी. "म्हणजे नंदे अजून इथे असता," ती म्हणाली आणि आत गेली. आतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.