नाव माझं, परीक्षा तिची

आमच्या क्रीट बेटाच्या रीतीप्रमाणे माझ्या मुलाने, सिफिसने, पहिल्या मुलीला माझं नाव ठेवलं. गारिफालिया व्रोन्दाकी. डोंगरातल्या एवढ्याशा गावात या नावाच्या आम्ही दोघी. तिला सगळे लिया म्हणतात. मला टोपणनावाने हाक मारायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

तर गेल्या जूनमध्ये कॉफीवाला स्ट्रातिस भर चौकात ओरडला, "काय गं गारिफालिया, परत नापास झालीस म्हणे!"

सगळी टेबलं खदखदून हसली.

"जळलं तुझं तोंड," मी म्हटलं, "तू तर तिसरीतून पुढे सरकला नाहीस." तोंडाने बोलले खरी, पण चौकातून तडक घरी आले.

लिया रेथिम्नोच्या विद्यापीठात प्राचीन ग्रीक शिकत होती. बाकी सगळे विषय निघाले, एकच राहिला. जुन्या शोकनाटकांमधली समूहगीतं. न पाहिलेला उतारा समोर टाकतात आणि शब्दकोशाशिवाय अर्थ लावायला सांगतात. त्यातच पोरगी पुन्हा पुन्हा आपटत होती.

संध्याकाळच्या बसने ती आली. बॅग दारातच टाकून म्हणाली, "आजी, मी सोडतेय. किनाऱ्यावरच्या हॉटेलात रिसेप्शनला घेतायत मला."

मी रानभाजी निवडत होते. "अडतंय कुठे तुझं?"

"अगं, शब्द ओळखीचे दिसतात. आपलेच, रोजचे. म्हणून मी भरभर पुढे जाते, आणि अर्थ निघतो भलताच. इतक्या शतकांत तो पार बदललेला असतो. वर्गातल्या जर्मन पोरी प्रत्येक शब्दाला घाबरतात आणि पास होतात. आम्हाला वाटतं, घरचंच तर आहे!"

मी चाकू खाली ठेवला. तोवर तिला कधी न सांगितलेली गोष्ट त्या दिवशी सांगितली. माझी गावातली शाळा संपली तेव्हा मास्तर घरी आले होते. बापाला म्हणाले, पोरीला शहरातल्या शाळेत धाडा, प्राचीन ग्रीक शिकेल, डोकं आहे हिला. येताना प्राचीन ग्रीकचं एक पुस्तकही घेऊन आले होते. मी त्यातली अक्षरं घडाघडा वाचली, अर्थ एका ओळीचा लागला नाही, आणि तो लावायची अशी काही ओढ लागली की काय सांगू. बापाने मास्तरांना घरी गाळलेली राकी पाजली, चीज बांधून दिलं, आणि दुसऱ्या सकाळी मला शेळ्यांमागे पाठवलं. अजून दुखतं ते.

लिया माझ्या शेजारी येऊन बसली.

"आणि ऐक," मी म्हटलं. "नापास व्हायचं तर लिया म्हणून हो. गारिफालिया व्रोन्दाकी म्हणून नापास व्हायचं असेल तर आधी मला विचारायचं. नाव माझं आहे."

रडता रडता हसली कार्टी. बॅग उचलून आत नेली.

मग सगळा उन्हाळा ती उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचायची आणि मी शेजारी शेंगा सोलायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरांची घाई मला ऐकू येते, चार वाढवलीत. तिने वेग घेतला की मी चाकू ताटावर आपटायची. "थांब! त्या शब्दाला विचारलंस का, बाबा रे, तू कोण?"

"आजी, तू माझ्या प्राध्यापकांपेक्षा छळवादी आहेस."

"असू दे. मागे जा."

चरफडत मागे जायची. कधी कधी मग स्वतःशीच म्हणायची, "अरेच्चा, हा तो नव्हेच!"

सप्टेंबरात तिचा फोन आला. मी चपला घातल्या आणि थेट चौकात गेले. "स्ट्रातिस, पास झाले मी! ओत सगळ्यांना राकी." मान खाली घालून ओतली मेल्याने. अशी चव त्या राकीला पुन्हा येणे नाही.

पदवी घ्यायच्या दिवशी अर्धा गाव सिफिसच्या आणि पाहुण्यांच्या गाड्यांत कोंबून रेथिम्नोला गेला. मी माझा ठेवणीतला काळा झगा इस्त्री करून घातला होता. पुढे पदवीचे झगे घातलेली पोरं बसली होती. एका मुलाने शपथ वाचली, बाकीची त्याच्यामागून म्हणाली, आणि नावं पुकारायला सुरुवात झाली. आमचं आडनाव ग्रीक वर्णमालेतल्या दोन नंबरच्या अक्षराने सुरू होणारं, त्यामुळे फार थांबावं लागलं नाही.

"गारिफालिया व्रोन्दाकी!"

माझं नाव. विद्यापीठात. इतक्या मोठ्याने, आणि कुणी हसत नव्हतं. मला कळायच्या आत मी काठी टेकून उभी होते.

सिफिसने झगा ओढला. "आई, बस खाली! लियाला बोलावतायत."

"सोड."

पुढच्या रांगेत उठलेल्या लियाने मागे वळून पाहिलं. मला बघितलं आणि शहाणी पुन्हा खुर्चीत बसली. बसून माझ्याकडे हात केला. सगळं सभागृह मागे वळलं. अभिमानाने ऊर असा भरून आला होता की लाजायचं सुचलंच नाही.

मंचावरच्या प्राध्यापकांनी चष्मा सारखा करून नाव पुन्हा पुकारलं, आणखी मोठ्याने.

"ऐकलं हो साहेब, बहिरी नाहीये मी," मी मधल्या वाटेवर पाऊल टाकत म्हटलं. "येतेय. मास्तर घरी आले होते, तेव्हाचीच निघालेय."