पाहुण्यांना आधी कळलेली तारीख

"हिम पडावं म्हणून इथे बसलेल्यांपैकी दुआ कोण कोण करतं?"

भरल्या सभेत वेनिंगने हा प्रश्न टाकला तो निव्वळ पैजेपायी. फित्री आणि एन्दा या तिच्या वर्गमैत्रिणी. शाळेतून येताना त्या म्हणाल्या होत्या, एवढी वक्तृत्वात पहिली आलीस ना, मग हे विचारून दाखव म्हाताऱ्यांना. आणि वेनिंगला त्या महिन्यात धाडसाचं नुसतं भरतं आलं होतं. बक्षीस मिळाल्यापासून ती आरशासमोरसुद्धा भाषणाच्या सुरात बोलायची.

उभ्या पिकासाठी वाडीने प्रार्थनेचं जेवण घातलं होतं. चटयांवर पुरुष, आत स्वयंपाकघरात बायका. प्रश्न ऐकून भाताचे घास हातातच राहिले, कारण तो सगळ्यांच्या वर्मी लागला होता. दिएंगच्या या पठारावर बटाट्याचं पीक हिमाच्या, म्हणजे गोठलेल्या दवाच्या, एका पहाटेत मरतं, आणि तेच पांढरं पठार बघायला जकार्ताहून गाड्या भरभरून पाहुणे येतात. पुढच्या खोलीत पाहुणे आणि मागच्या शेतात बटाटे अशी अर्धी वाडी होती. कुणी कुणाकडे बघेना. मागे फित्रीने हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली.

शेवटी म्बाह कार्यो खाकरले. जुन्या बारा ऋतूंच्या गणिताने पेरणीचा दिवस सांगणारे हे आजोबा. त्यांच्या शब्दाशिवाय वाडीत कुदळ हलत नसे.

"विखारी दव आपल्या तारखेला येतं, पोरी. दुआ मागून लवकर येत नाही, शिव्या घालून परत जात नाही. जून सरून पहिला ऋतू लागेपर्यंत खळग्यालासुद्धा भीती नाही. बस खाली, भात निवतोय."

सगळे हसले. वेनिंगचे वडील, बापाक, तेही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

खळगा त्यांचाच होता. वरचं शेत जानेवारीच्या पावसात दरड कोसळून खाली गेलं होतं, म्हणून यंदा घरातलं सगळं बियाणं बापाकनी त्या वाटीसारख्या सखल तुकड्यात लावलं होतं. थंडी पाण्यासारखी उतारावरून वाहत येते आणि अशा वाटीत साचून बसते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण म्बाहनी जून सरेपर्यंतची हमी दिली होती आणि त्याआधी काढणी होणार होती. हे पीक गेलं तर वर्षभर चुलीवर ठेवायला नाही आणि पुढच्या हंगामात जमिनीत घालायलाही नाही.

दुसऱ्या दिवशी, म्बाहना चांगलं सणसणीत उत्तर द्यायचं म्हणून वेनिंगने आईचा, माकचा, फोन घेतला. पाहुण्यांना पाठवायला माक दरवर्षी पहिल्या हिमाचे फोटो काढून ठेवायची: पांढरी पानं, पांढरा बांध, बांधावर दात काढून उभे पाहुणे. प्रत्येक फोटोखाली तारीख. वेनिंग मागे मागे सरकवत पहिल्या फोटोपर्यंत गेली आणि तिथून पुढे येत तारखा वाचू लागली. सगळ्यात जुना फोटो जुलैतला. मग जूनची अखेर. मग जूनची सुरुवात. गेल्या वर्षीचा तर मेमधलाच.

ती फोन घेऊन धावत शेतावर गेली. बापाक पाण्याची नळी सांधत होते. तिने एका दमात सांगून टाकलं की बटाटे आत्ताच काढू, सगळे.

"अंड्याएवढे आहेत गं अजून. थोडे दिवस थांब, मुठीएवढे होतील."

"थोड्या दिवसांत हिम येईल."

"म्बाहपेक्षा तुला जास्त कळायला लागलं?"

"मला नाही. माकच्या फोनला कळतं."

बापाक हसले. तेवढ्यात फोन वाजला, आणि वेनिंगने सवयीने आलेला निरोप मोठ्याने वाचला. जकार्ताच्या कुणा बाईंचा होता. 'तुम्ही कळवल्याप्रमाणे मेच्या शेवटच्या शनिवारी येतोय. हिम नक्की दिसेल ना?'

बापाकनी नळी खाली टाकली आणि ते घराकडे चालू लागले. वेनिंग मागून.

माक तव्यावर टेंपे, सोयाबीनच्या वड्या, परतत होती.

"तुला माहीत होतं?" बापाकनी विचारलं.

"पाहुणे विचारतात, कधी येऊ. मी सांगते," माक म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंत? बियाणं घेऊन निघालात तेव्हा मी म्हटलं, खळग्यात नको. तर म्हणालात, पाहुण्यांच्या गाद्या झटक जा."

बापाकना ते आठवत असावं, कारण त्यांनी मान फिरवली. त्याच दिवशी कुदळ उचलली असती तर अंड्याएवढे का होईना, बटाटे घरात आले असते. पण आता काढणी करायची म्हणजे स्वयंपाकघराला कळलं आणि म्बाहना कळलं नाही, हे सगळ्या वाडीला दाखवायचं. वेनिंगने विनवलं, वाद घातला, वक्तृत्वातलं होतं नव्हतं ते सगळं वापरलं. बापाक एवढंच म्हणाले की म्बाहचा शब्द आहे. ती एकटीच कुदळ घेऊन निघाली, तर त्यांनी ती हातातून काढून घेतली.

पाहुणे शुक्रवारी आले. शनिवारी पहाटे खळगा पांढरा होता.

बापाक कुडकुडत पानांवर पाणी मारत होते. सूर्य यायच्या आत बर्फ धुतला तर कधीकधी रोप वाचतं. वेनिंग दुसऱ्या टोकाने बादल्या आणत होती, बोटं निळी पडून कडी धरता येत नव्हती. बांधावर जकार्ताची माणसं आनंदाने चीत्कारत होती. जाड टोपीतली एक बाई फार अदबीने म्हणाली, "बापाक, जरा बाजूला होता का? तुम्ही धुताय तिथलंच सगळ्यात छान दिसतंय."

बापाक बाजूला झाले. वेनिंगला वाटलं होतं ते ओरडतील. ते नळी धरून बांधाशी उभे राहिले, पाणी त्यांच्याच चपलांवर सांडत राहिलं.

ऊन चढलं तशी पानं उकडल्यासारखी काळी पडली. संध्याकाळी त्यांनी दोन सऱ्या उकरून पाहिल्या. हाताला लागले ते अंड्याएवढेच, पण गारठून मऊ पडलेले, बियाण्यालाही न चालणारे.

त्या दिवसापासून घरात बापाक आणि माक एकमेकांशी बोलेनात. मीठसुद्धा वेनिंगमार्फत मागायचे. पुढच्या खोलीत पाहुणे हसत असायचे आणि माक त्यांच्यासाठी गरम पाणी नेताना डोळे पुसून मग दार लोटायची. आठवडाभर वेनिंगने हे सोसलं. मग एका रात्रीच्या जेवणाला तिने ताट बाजूला सारलं.

"खळगा यापुढे मी लावणार. बियाणं पाहुण्यांच्या भाड्यातून घेऊ. बटाटा जानेवारीत जाईल, मे लागायच्या आत बाहेर येईल. नंतर त्यात कोबी. तो थोडी थंडी सोसतो."

"जानेवारीच्या पावसात निम्मा कुजेल, न्दुक," बापाक ताटाकडे बघत म्हणाले. लाडाची हाक होती, पण आवाजात जीव नव्हता.

"कुजू दे. निम्मा तरी उरेल. म्बाहना विचारणार नाही, तुम्हालाही विचारत नाहीये, सांगतेय." मग ती माककडे वळली. "आणि माक, हिमाची तारीख पाहुण्यांना कळवशील त्याच्या आधी ती मला सांगायची. या घरात, मोठ्याने, बापाकसमोर."