‘क’ वर्गातली होडी

आप्पांनी जाळ्यातून सुई ओढली, गाठ दातांनी आवळली आणि मगच लेकीच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"वाच."

"‘क’ वर्ग," दमयंती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यात जास्त जोखमीची होडी. हप्ता तिप्पट."

पडवीच्या दुसऱ्या टोकाला दमयंतीची आई सगुणा सोडे निवडत बसली होती. तिनं सूप आपटलं. "घ्या! बापाच्या होडीला नापास केलंन पोरीनं. कोल्हापूरला शिकायला धाडली ती ह्यासाठीच."

दमयंती दिवसभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून आली होती. त्याआधीचे तीन महिने सोसायटीच्या या कामात गेले होते. आता तिला फक्त पाय पसरून बसायचं होतं.

आप्पांच्या वडिलांच्या वेळी मांडवी बंदरात विमा म्हणून काही नव्हतं. कुणाची होडी फुटली की घरटी एकेक टोपली मासळी काढायची आणि ती विकून त्याला नवी फळी घालून द्यायची, एवढंच. पुढे मशीनच्या होड्या आल्या, मच्छीमार सोसायटी आली आणि सोसायटीनं होडी-निधी काढला. लहान असो की मोठी, प्रत्येक होडीला सारखा हप्ता. तेही बरीच वर्षं चाललं. मग शहाऐंशीच्या हंगामात निधीत खड्डा पडला आणि चेअरमन भिकाजी दमयंतीच्या दारात आला. "मुंबईच्या कंपन्या आता जोखीम बघून हप्ता लावतात म्हणे. तुम्ही शिकलेल्या. आमचं तेवढं करून द्या."

तिनं करून दिलं. दहा वर्षांत कुठल्या होडीनं किती वेळा भरपाई घेतली, ते काढलं, सरासऱ्या काढल्या, पुढच्या नुकसानीचा अंदाज बांधला आणि होड्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. ज्यानं कधी भरपाई मागितली नाही त्याला सूट. गणितात कुठे खोट नव्हती. आत्माराम तांडेलाची, म्हणजे आप्पांची होडी सगळ्यात खाली गेली आणि शेजारच्या महिपतची सगळ्यात वर.

का गेली, ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. भगवती किल्ल्याखालच्या खडकांकडे कुणाची होडी वाहत गेली की मांडवी आप्पांच्या दारात येऊन उभी राहायची. खडकांमधली ती चिंचोळी वाट त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. ते जायचे, दोर टाकायचे, दुसऱ्याची होडी ओढून आणायचे आणि स्वतःची फोडून घ्यायचे. वाचलेली होडी भरपाई कशाला मागेल? मागायचे ते आप्पाच. महिपतला तर त्यांनी दोनदा ओढून आणला होता.

हे सगळं तिला तक्त्यात घालता आलं असतं. पण बापाची होडी होती ना! ‘घरच्याला झुकतं माप दिलंन’ असं उद्या मांडवीभर झालं असतं. नकोच ते, म्हणून तिनं आकडे होते तसे ठेवले. आता त्याची लाज वाटत होती आणि लाजेहूनही जास्त कंटाळा आला होता.

"आप्पा, मी भिकाजीकाकांशी बोलू का? तुमचं वेगळं आहे म्हणून सांगते."

"कशाला?" आप्पांनी सुई खाली ठेवली. "बरं झालं."

"बरं?"

"तिप्पट हप्ता मी काय भरत नाय. तेव्हा माझ्या होडीला विमा नाय." ते भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. "आता कोण हाक मारायला आला तर सांगता येईल, बाबा रे, विमा नाय. चाळीस वर्षं मला ‘नाय’ म्हणायला कारण मिळालं नव्हतं गो. तू दिलंस."

सगुणाचा हात सुपातच थांबला. दमयंतीला वाटलं, आप्पा चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा ओझं उतरलेल्या माणसासारखा होता. ते दमले होते हे तिच्या इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं.

चार दिवसांनी, उन्हं कलताना, महिपतची बायको गोदा धापा टाकत पायऱ्या चढून आली.

"आत्मारामभावजी! ह्यांचं मशीन बंद पडलंय. वारा फिरलाय. किल्ल्याकडे ओढत नेतोय होडी."

आप्पा चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली नाही. "गोदे, माझ्या होडीला विमा नाय आता."

"हो का?" गोदा म्हणाली. तिनं खुंटीवरचा जाडा दोर काढून खांद्यावर टाकलासुद्धा. "हाच ना? की दुसरा घेऊ?"

आप्पा नाही म्हणताहेत, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. आजवर ते कधी नाही म्हणालेच नव्हते, तर शिरेल कसं?

आप्पांनी दमयंतीकडे पाहिलं. आप्पांचं म्हणून दुसरं काहीच नव्हतं, ती होडी तेवढी होती. फुटली तर तिच्या पगारात नवी कुठून आणणार? बँक दारात उभं करणार नाही. सगळी बेरीज दमयंतीच्या डोक्यात एका क्षणात झाली. तिनं गोदाकडे बघायचं टाळलं.

"नका जाऊ आप्पा," ती हळूच म्हणाली.

गोदा दोर घेऊन तशीच उभी राहिली. बाहेर माडांच्या झावळ्या एका बाजूला झुकल्या होत्या.

"आयशीचा घो त्या मशीनच्या!" आप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले. त्यांनी गोदाच्या खांद्यावरचा दोर घेतला आणि पायरीवर थांबून लेकीला म्हणाले, "तुझा आकडा बरोबर हाय हो बाय. माझीच होडी फुटायची."

अंधार पडायच्या आत दोन्ही होड्या किनाऱ्याला लागल्या. महिपतची होडी दोराला बांधलेली, मागून शहाण्यासारखी आली. आप्पांच्या होडीचं सुकाणू गेलं होतं आणि पुढची फळी खडकावर आपटून उभी चिरली होती. खलाशांनी दोन्ही होड्या वर ओढल्या. गोदा नवऱ्याला शिव्या देत रडत होती, सगुणा तिला धरून उभी होती. आप्पा ओल्या वाळूत बसले आणि ती चीर बोटांनी चाचपायला लागले.

महिपतनं कंदील घेऊन आपल्या होडीला पूर्ण फेरी मारली. जीव वाचल्याच्या आनंदात त्याला हसू आवरत नव्हतं.

"ओरखडा नाय! आत्मारामा, शप्पथ, एक ओरखडा नाय! देवमाणूस तू!" मग त्याचं लक्ष दमयंतीकडे गेलं. वाकडं काही त्याच्या मनात नव्हतं. "दमू, म्हणजे माझी सूट तशीच राहिली ना गो?"

दमयंतीनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी चिरेवरून हात काढला नाही.

"सांग ना त्याला," ते म्हणाले. "विचारतोय तो."

"राहिली, काका," दमयंती म्हणाली, आणि आप्पांच्या शेजारी ओल्या वाळूत बसली.