वरच्या उताराचा लाल चहा

आगीनंतर डोंगराचा वरचा उतार तव्याच्या बुडासारखा काळा पडला होता. बारेंड ओकहाउस कुदळ खांद्यावर टाकून सकाळीच वर निघाला, तो आपली लाल चहाची झुडपं बघायला नव्हे. वहिनीची मेलेली बघायला.

जमीन चर्चची. थोरला भाऊ वारल्यापासून अर्धा उतार बारेंड कसायचा, अर्धा भावजय माग्रीटा, आणि बांधावरून दोघांची रोज जुंपायची. शेवटी चर्चचे पंच कंटाळले. "ज्याचा लाल चहा या आगीतून वर येईल, सगळा उतार त्याचा. महिनाअखेर बघायला येतो," असं सांगून मोकळे झाले.

बारेंडची रोपं नदीकाठच्या वाळूतून आणलेली. सरळ, उंच, कापायला सोपी. माग्रीटाची झुडपं डोंगरातलीच, खुरटी आणि पसरट. मागे विद्यापीठातल्या बाईंनी दोन्हींची पानं तपासायला नेली होती. परत आल्यावर त्यांनी चर्चच्या अंगणात सांगितलं, "या जवळच्या बहिणी. पण एकीच्या जनुकांत सगळी ताकद बियांत घालायचं लिहिलंय, दुसरीच्या जनुकांत मुळाशी गाठ धरायचं. माती बदलली म्हणून ते बदलत नाही."

"माझी सून दरीतली," बारेंड म्हणाला होता, "आता शेळीसारखी डोंगर चढते. माती सगळं शिकवते, बाई." सगळे हसले होते. माग्रीटा सोडून.

तो वर पोचला आणि थबकला. वहिनीच्या प्रत्येक काळ्या खुंटाच्या बुडातून हिरव्या काड्या वर आल्या होत्या. त्याच्या बाजूला नुसती राख. त्यानं आपलं एक झुडूप उकरलं. गाजरासारखं एकच मूळ, वाळून कडक झालेलं. मग बांध ओलांडून तिचं उकरलं. मुठीएवढी गाठ, आतून ओली. देवानं एकीला पोटात साठवायला दिलं आणि दुसरीला लेकरांवर उधळायला, हे त्या क्षणी बारेंडला कोण सांगणार? तो वाकला आणि तिचे कोंब मोडत सुटला.

"भावोजी, निंदायला आलात?"

माग्रीटा मागे उभी होती.

"तू माझ्या मुळांत मीठ ओतलंस," तो वळून न बघताच म्हणाला.

"मला भाजीला पुरत नाही मीठ. तुमच्यावर कुठून ओतू?"

"दादा असता तर हा उतार माझाच असता."

"ते असते तर तुम्हाला लाथ घालून खाली उतरवलं असतं. तोडा. दमलात की सांगा, पाणी देणार नाही."

ती दगडावर बसून राहिली. त्यानं हट्टानं दुपारपर्यंत कोंब मोडले. रविवारी चर्चमध्ये दोघं एकच स्तोत्र गायली. त्याचा खर्ज तिच्या आवाजावर चढायला बघत होता, आणि तीही आवाज खाली घेत नव्हती.

महिनाअखेर पंच आले. मोडलेल्या प्रत्येक कोंबाच्या जागी तीन-चार तांबूस शेंडे फुटले होते.

"हे कोणी मोडलं?" थोरल्या पंचांनी विचारलं.

"भावोजींनी," माग्रीटा म्हणाली. "छाटणी चांगली करतात. दरवर्षी बोलवीन."

पंच हसले. बारेंडचे कान तापले. उतार तिचा ठरला. त्याला नदीकाठची वाळूची पट्टी मिळाली.

"मेलेल्या झुडपांखाली माझं बी पडलंय," बारेंड म्हणाला. आवाज प्रथमच खाली आला होता. "पावसाळ्यात उगवेल ते. माझ्या झाडांचं जे काही आहे ते बियांतच आहे."

"माझ्या उतारावर उगवलं तर उपटीन," माग्रीटा म्हणाली.

थोरल्या पंचांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बी तुझं, बारेंड. माती तिची. माती नेऊ नकोस."

पंच उतरून गेले. बारेंड राखेत गुडघे टेकून बसला. मोहरीहून थोडं मोठं एकेक बी तो काळ्या मातीतून चिमटीनं उचलू लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "चाळण देतेस?"

"नाही."

ती बांधावरच उभी राहिली, तो मातीचा एकही खडा नेत नाही ना, हे बघत. त्यानं टोपी काढून उलटी ठेवली आणि पुढचं बी शोधायला वाकला.