आराशीतली मेणबत्ती

कार्तिकातला सूर्य मावळता मावळता टेक्सासच्या त्या सपाट, धूलिधूसर क्षितिजावर केशर सांडून गेला होता. केशर उंच पाण्याच्या टाकीवर, केशर पानं गळू लागलेल्या झाडांवर, केशर कोपऱ्यावरच्या आमालियाबाईंच्या खानावळीच्या निळ्या दारावर. साऱ्या सॅन अँटोनिओत इतकी देखणी संध्या वर्षभरात उतरली नसेल. त्या सुवर्णसंध्येतून नवऱ्याच्या शेजारून चालत येणारी वसुमती मात्र भ्यायलेली होती.

भ्यायलेली ती कित्येक दिवस होती. नवऱ्याची, त्र्यंबकरावांची, छाती सोमवारी शस्त्रक्रियेसाठी उघडायची होती. गच्चीचं दार उघडायचं असावं तितक्या सहज डॉक्टर ते बोलून गेले, आणि त्या दिवसापासून पोळी लाटताना तिचं लाटणं मध्येच थांबू लागलं, देवापुढची वात लावताना काडी बोटापर्यंत जळत येऊ लागली. त्र्यंबकराव विनोद करत हिंडत होते. "माझ्या मनात काय आहे म्हणून जन्मभर विचारतेस, आता डॉक्टर आत बघून सांगतील," असं म्हणून ते स्वतःच हसले होते. तिला हसू आलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी आमालियाबाईंकडे जेवायचं, हा दोघांचा जुना नेम. मुलं दूरच्या शहरांत पांगली, घरातल्या खुर्च्या मुक्या झाल्या, तेव्हापासूनचा. परक्या मुलखात ही एक मेक्सिकन खानावळ त्यांना घरासारखी भेटली होती. तव्यावर फुगणारी मक्याची पातळ भाकरी, जिला इथं तोर्तिया म्हणतात. दगडी खलात ठेचलेली, ठसका लावणारी रक्तवर्ण चटणी. लिंबाची फोड, कोथिंबिरीची हिरवी पखरण, मातीच्या वाडग्यातली काळ्या घेवड्याची उसळ. पहिल्याच दिवशी त्र्यंबकरावांनी घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वसू, आपलं कोल्हापूर इथं कसं येऊन बसलं?"

आमालियाबाईंना मराठी येत नव्हती, यांना स्पॅनिश येत नव्हती. मोडक्या इंग्रजीवर आणि भरल्या ताटावर तिघांचं छान चाललं होतं.

मागच्या शनिवारी खानावळीच्या आतल्या भिंतीशी वसुमतीला आरास दिसली. भरतकामाच्या शुभ्र चादरी पांघरलेल्या पायऱ्या, पायरीपायरीवर झेंडूच्या राशी, ज्योतींमागून ज्योती, फळं, पाण्याचे पेले, आणि चौकटींतून पाहणारी हसरी माणसं. एकाही तसबिरीला हार नव्हता. हार असता तर तिला त्या क्षणी कळलं असतं, कारण आपल्याकडे हार दिसला की कुणाला काही सांगावं लागत नाही. हार नव्हता म्हणून बिचारी फसली.

तिला दिसल्या त्या कराडच्या माहेरच्या गौरी. तीच पायऱ्यांची मांडणी, तोच झेंडूचा उग्र, ओला, उत्सवी वास. घरच्यांना आशीर्वाद मिळावा म्हणून बाईंनी त्यांचे फोटो देवीपुढे मांडले असणार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. विचारलं नाही. आराशीतलं आपल्याला कळत नाही, असं कराडच्या लेकीला कधी वाटेल होय?

त्र्यंबकराव हात धुवायला गेले, तशी तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक जुना फोटो काढला. लग्न जुळवताना मुलाकडून आलेला. दाट कुरळे केस, कोरलेली मिशी, कॅमेऱ्याला घाबरलेले डोळे. तो तिनं झेंडूत खोचला, हात जोडले आणि म्हणाली, "आई, यांना सांभाळ." कोणती आई, हे तिनंही ठरवलं नव्हतं. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

आज निळं दार उघडलं आणि झेंडूचा वास अंगावर आला. आरास दुपटीनं वाढली होती, केशराचा डोंगर झाला होता. त्र्यंबकराव नेहमीच्या टेबलाशी, आराशीकडे पाठ करून बसले. वसुमती हळूच फोटोपाशी गेली. फोटोला आता लाकडी चौकट होती. तो वरच्या पायरीवर चढला होता, आणि त्याच्यापुढे काचेच्या पेल्यात मेणबत्ती तेवत होती, पाणी होतं, साखर भुरभुरलेला गोल पाव होता. यांच्यापुढे नैवेद्य ठेवलाय, या विचारानं तिचा ऊर भरून आला.

आमालियाबाई एप्रनला हात पुसत आल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"भाऊ ना तुझा?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "किती तरणा गेला."

"गेला? कुठं गेला?"

बाई गोंधळल्या. मग एकेका तसबिरीकडे बोट दाखवत सांगू लागल्या, "ही माझी आई. हा माझा नवरा. हा धाकटा दीर. हे सगळे आमचे गेलेले. वर्षातून या दिवसांत घरी जेवायला येतात. वाट चुकू नये म्हणून ही फुलं, हे दिवे. तू तुझ्या माणसाचा फोटो ठेवलास, मला बरं वाटलं. मी त्यालाही जेवायला बोलावलंय."

झेंडू तोच होता, ज्योती त्याच होत्या, पण क्षणापूर्वीचं ते सोनेरी मांगल्य आता तिच्याकडे डोळे रोखून पाहत होतं. जिथं ती नवऱ्यासाठी आयुष्य मागायला आली, तिथं तिनं त्याला स्वतःच्या हातानं मेलेल्यांच्या पंगतीत बसवलं होतं. ती नुसती मान हलवून टेबलाकडे परतली.

ताटं आली. वाफाळलेली तोर्तिया आली, खलातली चटणी आली. खिडकीबाहेरचं केशर विरून गेलं होतं. आधी जांभळं, मग राखी, मग काळं. त्र्यंबकरावांना ठसका लागला आणि ती दचकली. त्यांच्या हातून चमचा निसटला आणि ती दचकली. त्यांनी सहज डावा खांदा चोळला, तेव्हा तिच्या कपाळावर घाम आला.

फोटो उचलता येईल. पण मेणबत्ती? यांच्या नावानं लागलेली ज्योत फुंकर मारून विझवायची, तीही सोमवार तोंडावर असताना? आणि नाही विझवली तर ती तेवत राहणार, गेलेल्यांच्या ओळीत, यांच्याच नावानं. वसुमतीला रडावंसं वाटत होतं. ताटातली तोर्तिया तशीच पडून होती.

"जेवत का नाहीस? चटणी झोंबली?" त्र्यंबकरावांनी विचारलं. तिची नजर जिथं खिळली होती तिकडे ते वळून पाहू लागले.

"वसू, तो मी आहे."

"अहो, मला वाटलं, गौरी बसवल्यात," ती म्हणाली, आणि मग थांबेच ना. आरास, कप्प्यातला फोटो, आई यांना सांभाळ, तरणा गेला, सगळं एका दमात सांगून टाकलं. "मी काय करून बसले हो हे?"

त्र्यंबकराव हसणार होते. तोंड तसं उघडलंही होतं. पण आठवडाभर न चुकलेला विनोद आज आला नाही. त्यांनी टेबलाखालून तिचा हात धरला. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

"मी पण घाबरलोय गं," ते म्हणाले. "तू झोपलीस की मी उठून बसतो."

"माहीत आहे. मी जागीच असते."

त्र्यंबकराव उठले. आराशीपुढे गेले. आमालियाबाईंच्या आईला, नवऱ्याला, दिराला त्यांनी रीतसर हात जोडले, पाहुण्यांत उशिरा पोचलेल्या माणसासारखे. आणि वरच्या पायरीवरची ती तेवती मेणबत्ती दोन्ही हातांनी अलगद उचलली.

स्वयंपाकघरातून बाई धावत आल्या. काही बोलणार तोच त्यांना चौकटीतला तो कुरळ्या केसांचा तरुण दिसला, आणि शेजारी उभा असलेला हा विरळ केसांचा म्हातारा दिसला. तेच कान, तीच हनुवटी, तेच घाबरलेले डोळे. बाईंनी तोंडावर हात नेला, मग छातीवर क्रुसाची खूण केली. "सेन्योर," त्या कुजबुजल्या, "हा तर तुम्ही."

"मीच," त्र्यंबकराव म्हणाले. "बोलावलंत, आलो. फक्त टेबलाशी बसून जेवतो."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी चौकटीतून फोटो सोडवला आणि वसुमतीच्या हाती दिला. साखरेचा पाव, पाण्याचा पेला, सारं त्यांनी स्वतः उचलून टेबलावर मांडलं. पाव ठेवताना साखर कापडावर सांडली.

मग टेबलावर ठेवलेली मेणबत्ती त्या दोघांमध्ये तेवू लागली. त्र्यंबकरावांनी पाव मोडला, अर्धा तिला दिला. पाव मऊ होता, त्याला बडीशेपेचा आणि संत्र्याचा वास होता. ते सावकाश खात होते, तीही सावकाश खात होती, कारण जेवण संपलं की उठावं लागणार होतं, उठलं की रविवार होता, आणि रविवारनंतर सोमवार होता. भीती कुठंही गेली नव्हती. फक्त आता ती एकटीची राहिली नव्हती.

कुणीतरी निळं दार उघडलं. बाहेरचा थंड वारा आत शिरला आणि ज्योत आडवी झाली, निळी झाली, धाग्याएवढी झाली. वसुमतीचा हात झटक्यात पुढे गेला. तळव्याच्या आडोशात ज्योत लटपटली आणि पुन्हा उभी राहिली.

दार मिटलं, तरी तिनं हात काढला नाही. गिऱ्हाइकं येत होती, जात होती; दार उघडत होतं, मिटत होतं. आराशीतली माणसं आपापल्या ज्योतींमागून हसत होती.

"हात भाजेल तुझा," त्र्यंबकराव म्हणाले.

"भाजू दे," ती म्हणाली.

दार पुन्हा उघडलं, वारा पुन्हा आला, ज्योत पुन्हा लवली. आणि तिच्यापुढे तो तळवा तसाच राहिला, आतून उजळलेला, केशरी, न हललेला.