नसलेल्या मामाचं सुतक

लोण्यात काहीतरी टणक होतं. बोटाला लागलं, निसटलं, पुन्हा लागलं. खडा असेल, डोंगरातल्या बायका हल्ली कुठे नीट बघतात, असं लेतेनकिएलनं मनाशी म्हटलंसुद्धा, पण बोट थांबलं होतं, बोटाला आधीच कळलं होतं... मग तिनं ते बाहेर काढून पुसलं. लाल बटण. चार भोकांचं. एका भोकात लोकरीचा तुटका धागा.

चार वर्षं दर शनिवारी लोणीवाली दाराशी पानात गुंडाळलेला गोळा ठेवून जायची, आणि रविवारी सकाळी केसांना लावण्याआधी लेतेनकिएल तो आख्खा गोळा दाबून दाबून बघायची. काही सापडायचं नाही. ते काही न सापडणं हेच तिचं पत्र होतं. पोरगी आहे. डोंगरात आहे, बंदूक घेऊन आहे, उपाशी असेल, पण आहे. नसली की बटण येईल, असं ठरलं होतं. अब्रेहेतनंच ठरवलं होतं, हसत हसत, जसं काही बाजारातून काय आणायचं ते सांगावं.

"आई, स्वेटरची बटणं घट्ट शीव बरं का, तिकडे कोण शिवणार?" म्हणून हिनं दुहेरी धाग्यानं शिवली होती. दुहेरी धागा असा आपोआप तुटत नाही... कोणीतरी कापला. कोणीतरी तिच्या पोरीच्या अंगावर वाकून, चाकूनं, एक बटण...

"आई, आवर ना!" किफ्लोम बाहेरून ओरडला. "सभेला उशीर झाला की बेराखी सगळ्यांसमोर नाक कापतो."

रडायची सोय नव्हती. शेजारच्या तिबलेत्सच्या आणि हिच्या घराच्या मध्ये नुसता पत्रा, शिंकलं तरी पलीकडून 'देव भलं करो' यायचं. आणि पलीकडच्या आळीतल्या पाववाल्याचं काय झालं ते अस्मारा शहरात कोणाला माहीत नव्हतं? त्याचा मुलगा डोंगरातल्या लढणाऱ्यांत आहे एवढं कळलं, आणि इथियोपियाच्या शिपायांनी पाववाला, बायको, सून, सगळी उचलली. दाराला अजून लाखेचं सील आहे. किफ्लोम तार-टेलिफोन कचेरीत, त्याची दोन पोरं... लेतेनकिएलनं लोण्याचा हात साबणानं धुतला, बटण चोळीत टाकलं, पांढरा शेला अंगावर घेतला आणि निघाली.

आळीत लहानथोर सगळे तिला आदेय म्हणायचे, म्हणजे आई. आणि पाठीमागे थापाडी. तिला दोन्ही मान्य होतं. अब्रेहेत जेद्दात एका शेठाणीकडे कामाला आहे, हे तिनं चार वर्षांत असं काही रंगवलं होतं की बायका मुद्दाम विचारायच्या. शेठाणीच्या मांजरीला सोन्याचा दात बसवला, हे मागच्या महिन्यातलं. मांजरीनं तो गिळला, हे ती आज सांगणार होती.

सभा जुन्या सिनेमागृहात. दर रविवारी, मुद्दाम चर्चच्या वेळेला. पडद्याच्या जागी देशावर राज्य करणाऱ्या कर्नलसाहेबांचा फोटो, दाराशी रायफलवाला शिपाई, आणि टेबलामागे आळीच्या कमिटीचा अध्यक्ष बेराखी, हिच्यासमोर उघडा फिरलेला पोरगा, आता टोपी घालून. तो काहीतरी वाचत होता, क्रांती, शत्रू, साखरेचं रेशन, आणि मध्येच थांबला.

"काय आदेय, कोण गेलं?"

तिनं खाली पाहिलं. शेल्याचा रंगीत काठ पायाशी नव्हता, गळ्याशी होता. आनंदाला काठ खाली, मरणाला काठ वर. आईला तसं पाहिलं, आजीला तसं पाहिलं, हातांनी तिला न विचारता तसंच केलं होतं... सगळं सभागृह वळलं. तीन रांगा पुढे किफ्लोमची मान ताठ झाली. तो वळला नाही. वळला नाही म्हणजेच त्याला कळलं.

सांगून टाकावं का, की अब्रेहेत गेली, जेद्दात, तापानं? किती सोपं. नाव घेऊन, ऊर बडवून, मनसोक्त. पण जेद्दाहून तार आली असती तर ती किफ्लोमच्या कचेरीतून आली असती, आणि ते बघायला बेराखीला किती वेळ लागणार? शिवाय (हे तिला नंतर कळलं) तिला ते स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं असतं.

"मामा," ती म्हणाली. "माझा मामा गेला. सेगेनेती गावचा."

"वय?"

"एकशेतीन."

"मग झालं की सोनं. गेला कशानं?"

"भांडणात."

"एकशेतिसाव्या वर्षी? कोणाशी?"

"एकशेतिसाव्या नाही रे, एकशेतिसऱ्या. शाळेतही तू असाच होतास. माकडाशी भांडला. निवडुंगाची फळं चोरायला आलं होतं. नव्वदीत मामाला नवे दात फुटले होते, त्या दातांनी तो माकडाला चावला."

"आणि माकड?"

"माकड बरं आहे."

हशा झाला. शिपायाला कोणीतरी त्याच्या भाषेत सांगितलं, तोही हसला. हसणं तिच्या अंगावरून पाण्यासारखं गेलं आणि आत एक कोरडी जागा तशीच राहिली. बेराखीनं डोळे पुसले. "दुपारी येतो, आदेय. सगळी आळी येईल. दुखवट्याला यायलाच हवं."

हे काही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

दुपारी अंगणात ताडपत्री बांधली. बायका चटयांवर, पुरुष बाकावर, सून कॉफी भाजतेय. बेराखी खरंच आला, टोपी काढून बसला. रडण्याला सुरुवात तिबलेत्सनं करायची. आळीत तिच्यासारखं कोणी रडत नसे. पण मेलेल्याचे गुण कळल्याशिवाय रडणार कशी?

"सांग बाई, कसा होता?"

मग लेतेनकिएलनं मामा उभा केला. उंटावर उलटा बसायचा. इटालियन साहेबाला गाढव मेजर म्हणून विकलं... बायका शेल्यात तोंड लपवून हसत होत्या, तीही रंगत होती, जीभ आपली आपण धावत होती, धावता धावता उतारावर आली. केसांना हात लावू द्यायचा नाही, ती सांगत होती, कंगवा दिसला की उंबरावर चढून बसायचा. आणि अंधाराला किती भ्यायचा! माझा कान मुठीत धरल्याशिवाय झोप नाही. मी कूस बदलली तरी सोडायचा नाही, सकाळी माझा कान लाल...

कोणी हसलं नाही.

एकशेतीन वर्षांचा मामा. हिचा कान धरून. बाकावर किफ्लोमच्या पेल्यातली कॉफी सांडली आणि त्यानं ती पुसली नाही.

"अगं, म्हातारी माणसं पुन्हा लहान होतात, बायांनो!" तिबलेत्स मोठ्यानं म्हणाली, फारच मोठ्यानं, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं छातीवर हात आपटून गळा काढला. तो आवाज लेतेनकिएलनं कधी ऐकला नव्हता. तिबलेत्सचा मुलगा येमाने खार्तूमला मोटारी दुरुस्त करतो, असं तिबलेत्स सांगते. फार साधी थाप. लेतेनकिएलनं तिला मनातल्या मनात नेहमी हसून घेतलं होतं... आणि मग सगळ्याच रडायला लागल्या. कोपऱ्यातली मुकी म्हातारीसुद्धा. मामासाठी कोण रडतं असं?

आधी तिला राग आला. माझं आहे हे. चार वर्षं लोणी मी दाबलं. भाकरीसारखं काय तोडून घेताय? हिला कोणाचं तरी, तिला कोणाचं तरी, आणि माझ्या पोरीच्या वाट्याला काय उरलं? पण घसा केव्हाच त्यांच्यात मिसळला होता आणि आपला आवाज त्यातून वेगळा काढता येईना.

डोळे पुसताना तिला बेराखी दिसला. टोपी मांडीवर, मान खाली, आणि नाकाच्या शेंड्यावरून थेंब पेल्यात पडत होते. नाटक? बघतोय कोण किती रडतं ते? की... याचं कोण? सकाळपर्यंत ती त्याला भ्यायची, स्वच्छ, सरळ, जसं कुत्र्याला भ्यावं. शिव्याही तयार असायच्या, जेवणाआधीच्या प्रार्थनेसारख्या. आता तिनं त्या आठवून पाहिल्या. होत्या, सगळ्या होत्या. राग होता, भीतीही होती. पण त्यांच्या शेजारी दुसरंच काहीतरी न विचारता येऊन बसलं होतं, आणि ऊठ म्हटलं तरी उठेना. याचं कोण असेल... निदान आजच्या दिवशी तरी तिला हा प्रश्न नको होता. आजचा दिवस तिच्या पोरीचा होता.

तिबलेत्सनं श्वास घ्यायला आवाज खाली आणला तेव्हा लेतेनकिएलनं तो उचलून धरला. कोणासाठी, हे त्या घटकेला तिचं तिलाही सांगता आलं नसतं.