दिवाणखान्यातली विहीर

उभं आयुष्य घाटात बस हाकली, कडेखाली चाक म्हणून जाऊ दिलं नाही, असे आमचे नाना स्वतःच्या दिवाणखान्याच्या दारात अडकले. पुढे पाऊलच टाकवेना. समोर, सोफा आणि टेबल यांच्या मध्ये, सकाळपर्यंत जिथे साधी फरशी होती तिथे आता खड्डा होता. लहानसहान नव्हे. काळाकुट्ट, चौकोनी, काठ सुरीने कापावेत तसे नेटके, आणि तळाचा पत्ता नाही.

"बाबा, कसा दिसतोय?" सूनबाईने विचारलं. ती त्या खड्ड्याच्या मधोमध उभी होती आणि बुडत नव्हती.

"काय?"

"अहो, गालिचा! गडद निळा. दुकानात आल्याबरोबर बाजूला काढून ठेवला होता मी. बाकी सगळं मोतिया, राखाडी, एका सुरात. आणि मधे हा एकच ठसका. खोलीला कसा खोलपणा आलाय बघा."

"आलाय खरा," नाना म्हणाले.

सूनबाई पडदे, उशा, गालिचे विकणाऱ्या मोठ्या दुकानात होती, पण तिचं काम विकण्याचं नव्हतं. कुठल्या भिंतीला कुठला पडदा, कुठल्या सोफ्यावर कुठली उशी, ही लोकांच्या घरांची रंगसंगती ती ठरवून द्यायची. हात गुणाचा होता पोरीचा. डाळिंबी आणि बदामी, शेवाळी आणि साय असे जोड ती असे जमवायची की वर्षानुवर्षं अबोला धरलेली माणसं एका पंगतीत बसावीत. आता एका बाईंचं भलंथोरलं घर सजवायचं काम दुकानाकडे येणार होतं. कापडाचे तुकडे बघून त्यांचं समाधान होईना. राहतं घर दाखवा म्हणाल्या. तेव्हा मालक सूनबाईला म्हणाले, "तुझंच घर कर की तयार. येत्या रविवारी घेऊन येतो."

म्हणून घराचा कायापालट झाला होता. भिंती मोत्याच्या रंगाच्या झाल्या, सोफा त्याच जातीचा, एखादी छटा पुढे. उशा सोफ्याच्याच कापडाच्या. दारंसुद्धा भिंतीच्या रंगात, म्हणजे नजर कुठे अडखळायला नको! नजर अडखळत नव्हती हे खरं, पण नाना अडखळत होते. दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते हाताने चाचपावं लागे. उशी समजून टेकायला जावं तर तिथे काही नसे. न्हाणीघर तर पांढऱ्यावर पांढरं; तिथल्या फजितीबद्दल नानांनी देवाशिवाय कुणाकडे तक्रार केली नाही, आणि देवाकडेही हळू आवाजात.

पण ते सगळं परवडलं. हा खड्डा परवडेना.

नानांना कळत नव्हतं असं नाही. गालिचा आहे, लोकरीचा आहे, चांगला जाडजूड आहे. मुलगा त्यावरून कामाला जातो, सूनबाई चहा घेऊन येते. दोरीला साप समजून घाबरलेल्या माणसाची गोष्ट नानांनी शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा हसले होते. दिवा लावला की दोरी दिसते आणि साप जातो, इतकं ते सोपं. इथे मात्र दिवा लावला तरी साप जाईना. उलट वरचे दिवे लागले की फरशी लखलखायची आणि मधली विहीर आणखी काळी व्हायची. डोकं म्हणायचं, चल. पाय म्हणायचा, मी नाही. जन्मभर खड्डा दिसला की ब्रेक दाबायचा सराव. तो पाय आता डोक्याचं ऐकतो होय?

एकदा घरात कुणी नसताना त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. काठावर उभे राहिले, डोक्यावरची काळी लोकरी टोपी काढली आणि देवाचं नाव घेऊन मधोमध टाकली.

आवाज झाला नाही.

टोपी दिसलीही नाही. काळ्यात काळी, गेली ती गेलीच. नानांच्या अंगावर सर्रकन काटा आला. काठी पुढे करून टोचून पाहिलं तर काठीचं टोक मऊशार आत दबलं, चिखलात दबतं तसं. तिथून ते उलट्या पावली खोलीत आले आणि कॉटवर पाय वर घेऊन बसले, खाली पाणी शिरल्यासारखे.

संध्याकाळी पाहतात तर टोपी खुंटीवर!

सूनबाईने उचलून ठेवली असणार, दुसरं काय. पण भ्यालेल्या माणसाला सरळ गोष्ट सरळ दिसत नाही. विहिरीत पडलेली वस्तू वर आली, आपल्या जागी जाऊन बसली. नानांनी त्या टोपीला पुन्हा हात लावला नाही. थंडी वाजली तरी नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर सांगायचं की घरात. मुलगा कसाई नव्हता आणि सून तर लेकीसारखी. सांगितलं असतं, पण आड येत होते दादा.

दादा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. एक दिवस जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "खाली पाणी आहे. मी उतरणार नाही." सगळे हसले. "दादा, पोहायला येतं ना तुम्हाला?" असं म्हणणारे नानाच होते. दादा दुसऱ्या दिवशीही उतरले नाहीत. रागावले, रडले, धरून उतरवायला गेलेल्या माणसाला चावले. मग घरची मंडळी बसली, खालच्या आवाजात बोलली. त्यांचं आता डोक्याचं झालंय, घरात लहान मुलं आहेत, तिकडे इस्पितळात माणसं असतात सांभाळायला. नाना त्या बैठकीत होते. त्यांनी मान हलवली होती. दादांना नेणाऱ्या गाडीचं दारही नानांनीच लावलं. दारं लावायची सवय होती हाताला. तिकडे दादा फार टिकले नाहीत.

तेव्हा ते खालच्या आवाजातलं बोलणं कसं सुरू होतं ते नानांना पाठ होतं. "हल्ली बाबा जरा..." एवढ्यावर सुरू होतं. म्हणून ते वाक्य कुणाच्या तोंडी येऊ द्यायचं नाही, असा त्यांनी पण केला. सोफ्यामागे भिंतीलगत एक चिंचोळी फरशी उरली होती. पाठ भिंतीला लावून, घाटात समोरून ट्रक आला की गाडी डोंगराच्या अंगाला काढतात तसे, ते तिथून सरकत जात.

"बाबा, असे कडेकडेने का जाता?" सूनबाईने एकदा विचारलंच.

"नवा गालिचा, माझे हे पाय. मळेल गं."

"मळू दे की! गालिचा पायासाठी असतो, पाय गालिच्यासाठी नाही."

"पाहुणे येऊन जाऊ देत, मग मळवतो." नाना हसले. हसताना भिंतीवरचा हात मात्र सोडला नाही.

जेवण ते खोलीतच मागवू लागले. गुडघा दुखतो म्हणाले. मुलगा दारात येऊन बराच वेळ बघत राहिला आणि त्याच्या कपाळावर नानांना ते न बोललेलं वाक्य स्पष्ट वाचता आलं. हल्ली बाबा जरा.

रविवार उजाडला. सूनबाईने घर असं लावलं की फुंकर घालायची भीती. मालक आले, गिऱ्हाईक बाई आल्या. नाना आपल्या खोलीच्या दाराआड बसून आवाज ऐकत होते. मालकांचा आवाज आधी आला, मग माणूस. "बाई, हे बघा, याला म्हणतात मेळ! नाहीतर लोक काय करतात, आवडला रंग की घेतला. घर म्हणजे जत्रा करून ठेवतात."

"घरात सासरे असतात ना तुमचे?" बाईंनी सूनबाईला विचारलं. "त्यांना आवडलं का? आमच्याकडेही म्हातारं माणूस आहे, नंतर कुरकुर नको."

"त्यांनाच विचारा. बाबा! या ना बाहेर जरा."

नाही म्हणावं तर पाहुण्यांपुढे सुनेची मान खाली. ते उठले, धोतर नीट केलं, भिंत चाचपत दाराबाहेर आले आणि सवयीने सोफ्यामागच्या वाटेला वळले.

वाट बंद होती. सूनबाईने तिथे उंच दिवा आणि भलंमोठं मातीचं भांडं ठेवलं होतं. शोभेला.

आता एकच रस्ता.

पलीकडून मालक म्हणाले, "या, या नाना, बसा." चार पावलांवरून बोलल्यासारखे. चारच पावलं होती ती. नाना काठावर उभे राहिले. खालून गार हवा येतेय असं त्यांना वाटलं. कानात गोंगाट सुरू झाला. मुलगा जागचा उठला, "बाबा?" म्हणाला, आणि त्या एका शब्दात गाडीचं दार लागल्याचा आवाज होता. चल, नाहीतर गेलास, नाना स्वतःला म्हणाले. पाय उचलला. तो हवेतूनच जागी परत आला. तेव्हा त्यांनी दुसरा उपाय केला. हळूच गुडघ्यांवर बसले, चारचौघांसमोर, आणि हात पुढे करून काठ चाचपू लागले.

सूनबाईचं लक्ष नव्हतं. ती बाईंना फोनवर काहीतरी दाखवत होती. तिची ती कामाची रीत होती. खोलीचा फोटो काढायचा आणि त्यातले रंग काढून टाकायचे. "रंग फसवतात," ती सांगत होती, "एकमेकांना शोभतात म्हणून आपण खूश होतो. रंग काढला की नुसता उजेड नि अंधार राहतो, मग तोल कळतो. बघा, आत्ताच काढला हा फोटो, आता यातला रंग..."

ती थांबली.

फोनमध्ये बघितलं. मान वर करून नानांकडे बघितलं. पुन्हा फोनमध्ये.

"काय झालं गं?" मालक म्हणाले. "नानांना उठव आधी. काही पडलं का त्यांचं?"

टेबलावर दाखवण्यासाठी आणलेले कापडांचे गठ्ठे होते. त्यातलं फिकट लिंबू रंगाचं पडद्याचं लांबलचक कापड सूनबाईने ओढलं आणि गालिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडून दिलं.

"अगं, अगं! भारीतलं कापड आहे ते!" मालक ओरडले.

"असू दे." ती त्या कापडावरून चालत आली आणि नानांपुढे खाली बसली, त्यांच्याइतकीच खाली. "या बाबा. पूल टाकलाय. मजबूत आहे."

नानांनी हात ठेवला. उजळ होतं, दिसत होतं, जमीन होती. ते उठले आणि सुनेचा हात धरून चालत गेले. दोन्ही बाजूंना काळोख तसाच होता. पलीकडे सोफ्यावर बसल्यावर त्यांचा श्वास मोकळा झाला आणि मग हुंदका आला तो आवरेना.

"मला हा गालिचा नको," बाई हळूच मालकांना म्हणाल्या. "घरात म्हातारी आहे आमच्या. तुमच्या या मुलीला मात्र पाठवा." मालकांनी कापडाकडे एकदा, बाईंकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर सूनबाईने तो फोन नानांच्या हातात दिला. नानांनी तो डोळ्यांपासून लांब धरला. फोटोत पांढुरकी खोली होती, पांढुरकी भिंत, पांढुरका सोफा. मधोमध काळी विहीर. काठावर एक म्हातारा गुडघे टेकून वाकलेला.

"हेच!" नाना ओरडले. "अरे, हेच मी म्हणतोय इतके दिवस!"

"तुम्ही कुठे काय म्हणालात?" मुलाचा आवाज चिरका झाला. "भिंतीला पाठ लावून चालत होतात. मला वाटायला लागलं..."

"काय वाटायला लागलं ते माहीत आहे मला. म्हणूनच बोललो नाही."

"तुमच्या डोळ्यांवर पडदा आलाय बाबा," सूनबाई म्हणाली. "रंग कळेनासे झालेत, उजेड नि अंधार तेवढा उरलाय. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि चूक माझी आहे. रोज लोकांच्या घरात रंग काढून बघते. स्वतःच्या घरात गालिचा टाकल्यावर एकदाही बघितलं नाही. आवडला होता ना!"

"डॉक्टर डोक्याचा नाही ना?"

"डोळ्यांचा. शपथ."

मुलाने गालिचा गुंडाळायला घेतला. खालची फरशी निघाली, साधी, घट्ट, पूर्वीची. न्हाणीघराला गडद पट्टी लावायची, दारांना रंग द्यायचा, उशा बदलायच्या, असं सूनबाई भराभर बोलत होती. "बाबा, दाराला डाळिंबी चालेल? की मोरपंखी? तुम्हाला लांबून दिसेल तो सांगा."

नाना ऐकत नव्हते. विहीर बुजली होती, पण ते त्या उघड्या फरशीवरून नजर काढत नव्हते.

"आपल्या जुन्या घराचा जिना आठवतो तुला?" त्यांनी मुलाला विचारलं. "दादांचा."

"हो. का?"

"त्याला चकचकीत फरशी कधी बसवली होती रे?"

मुलगा अर्धा गुंडाळलेला गालिचा धरून आठवू लागला. "तेव्हाच की. दादांना नेलं त्याच्या थोडं आधी. काचेसारखी होती, आईनं एकदा म्हटलंसुद्धा, पाण्यावर पाय ठेवल्यासारखं..."

सूनबाईने हातातली उशी खाली ठेवली.

"खाली पाणी आहे, म्हणत होते," नाना म्हणाले. "आम्ही कुणी वर चढून, त्यांच्या शेजारी उभं राहून बघितलंच नाही."